वीस किलोच्या आत

माळ्यावरून मोसंबीची तीन खोकी निघाली.
वर गोणपाट, त्याखाली ग्रीसनं काळे पडलेले तमिळ वर्तमानपत्राचे कागद
आणि कागदांत गुंडाळलेलं
बाबा ज्याला ‘मद्रासचं सामान’ म्हणायचे, ते.

मी जालन्याच्या एमआयडीसीत धर्मकाट्यावर बसते.
चाळीस ट्रक भंगार रोज माझ्यासमोरून भट्टीकडं जातं:
जहाजाचे पत्रे, बोअरचे पाइप,
शिवणयंत्रं, कुणाची तरी तीनचाकी सायकल.
लोखंडाला मी एकच विचारत आले, किती?
कोण, असं कधी विचारलं नाही.

नथानाएल म्हणाला, “काहून घासत बसलीस, ताई?
किलोवर देऊन टाक.”
मी परातीत डिझेल ओतलं, जुना टूथब्रश घेतला.
आधी पितळ वर आलं.
मग अॅल्युमिनियम, राखेनं घासलेल्या पातेल्यासारखं,
आणि त्यावर उठलेले बारीक आकडे.
बोटांनी वाचावे लागत होते.

सिकंदराबादहून नरसिंगराव आले देवगिरीनं.
सत्तरी उलटलेली, खिशात भिंग,
दोऱ्याला बांधलेलं चुंबक, व्हर्नियर मखमलीच्या पिशवीत.
चहा निवला तरी बोलले नाहीत.
स्टीअरिंगचं चाक बाजूला सारलं. “टॅक्सीचं आहे.”
(आम्ही लहानपणी तेच धरून घरभर शर्यती जिंकलेल्या.)
कनेक्टिंग रॉड दोन, घासून घासून हलके केलेले.
“चार असते तर,” म्हणाले, आणि पुढं काही नाही.
आरपीएमचं घड्याळ मात्र हातात धरून ठेवलं.
मागची भोकं बघा, म्हणाले, हे तिरकं बसवलेलं,
लाल खूण डोक्यावर यावी म्हणून.
आकडे वाचायला तिथं वेळ कुणाला?
काटा उभा झाला की पाय उचलायचा, बस.

शेवटी कार्ब्युरेटर.

हा बाबांना मालकानं दिलेला.
शोलावरमच्या धावपट्टीवर, तिसऱ्या हिवाळ्यात,
पाठीवर हात ठेवून, “याकोब, हा तुझा.”
दर नाताळाला करंज्यांबरोबर आम्ही ही गोष्ट खाल्ली आहे.

नरसिंगरावांनी भिंग लावलं. मग काढून पुसलं. परत लावलं.
“नंबर घासलाय.”
थोड्या वेळानं म्हणाले, “हात चांगला होता.”
नंबर असता तर एक लाख ऐंशी. असा, बारा हजार.
“कुणी दिला म्हणालात?”
“मालकानं,” मी म्हणाले.
त्यांनी मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

मी भिंग मागून घेतलं.
तिरक्या रेघा, सगळ्या एकाच अंगाला.
कानस जाताना कापते, येताना उचलायची.
अशाच रेघा आईच्या विळीला होत्या,
आणि माझ्या पहिल्या डुलाच्या काडीला.
टोचतेय म्हणून मी रडले,
तर रात्री कंदिलापाशी बसून त्यांनी टोक मारलेलं,
जिभेला लावून बघितलेलं.

घड्याळ आणि रॉड गेले.
पावती मी स्वतः लिहिली, नथानाएलचा वाटा पाकिटात घातला.
चाक त्याच्या पोरांनी नेलं.

रात्रपाळीला डबा, पाण्याची बाटली
आणि नॅपकिनमध्ये कार्ब्युरेटर.
दोन ट्रकांच्या मधल्या मोकळ्या वेळात
काट्याच्या मधोमध ठेवून केबिनमध्ये परत आले.
लाल आकडे हलले नाहीत. शून्य.
वीस किलोच्या आतलं हा काटा धरत नाही, मला ठाऊक होतं,
पंधरा वर्षं मीच सगळ्यांना सांगते.

तरी बघत उभी राहिले.
मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला,
“ओ बाई, काटा खाली करा की!”