आडवी दाढ

पहिल्या डॉक्टरनं सांडशी लावली,
गुडघा खुर्चीला टेकवला,
कडाक्‌ करून वरचा टवका हातात आला
आणि तो तसाच थांबला,
बोल्टचं डोकं तुटल्यावर फिटर थांबतो तसा.
म्हणाला, हे माझ्या हातचं काम नाही.
हिला ऑपरेशनच लागेल.

दाढेला ऑपरेशन? इरप्पा हसला.
आमच्यात दाराच्या कडीला दोरा बांधतेत बे.
हे तो नुसत्या ओठांनी म्हणाला.
चोवीस माग चालू असले की
आमच्या कारखान्यात आवाजाला कोण विचारतो.
ओठ बघायचे.
बीम संपला, बॉबिन आण, मालक आला,
सगळं ओठांवर.
बावीस वर्षं मी असाच बोलतोय.
घरी गेल्यावरसुद्धा आवाज घालायचा विसरतो,
नागमणी विड्या वळता वळता मान वर करते
तेव्हा कळतं तिला, मी चहा मागितलाय.

हलकुडे मॅडमनी फोटो उजेडावर धरला.
बाकीच्या दाढा उभ्या, ताण्यासारख्या.
ही एकटी आडवी,
हाडात गाडलेली, शेजारणीच्या मुळाला डोकं लावून.
आडवा धागा आम्हाला नवीन नाही.
पण तो विणायला असतो.
ही नुसतीच आडवी.

तिच्याखालून एक बारीक करडी रेघ.
शीर आहे, मॅडम म्हणाल्या, ओठाची.
हिरडी कापू, हाड थोडं कोरू,
दाढेचे तुकडे करून एकेक काढू.
शिरेला धक्का लागला तर खालचा ओठ
काही दिवस बधिर राहील.
काही दिवस म्हणजे?
कधी आठवडे. कधी महिने. क्वचित...
आणि त्यांनी सहीचा कागद पुढं केला.

अक्कलदाढ, असं लिहिलं होतं त्यावर.
एकेचाळिसाव्या वर्षी आलेली अक्कल,
तीपण आडवी.
घरी नोप्पी, इरप्पापुढं नोवू, इथं ठणका,
तीन भाषांत दुखत होतं.
सही एकाच भाषेत केली.

दुखलं नाही, खोटं कशाला बोलू.
पण ड्रिलचा आवाज कानातून आला नाही,
हाडातून आला.
इतकी वर्षं बाहेर ऐकलेला कारखाना
कुणीतरी आत चालू केला.
डोळे मिटून मी मोजत राहिलो,
हा ढोटा गेला, हा आला.
मग ट्रेमध्ये टण्‌.
परत टण्‌.
तिसऱ्याला जरा उशीर लागला.

तीन टाके, काळा रेशमी दोरा.
आरशात गाठ बघितली.
बरी होती. मी वेगळी मारली असती.

थुंकायचं नाही, म्हणाल्या. सोलापुरात राहून!
मावा बंद, कडक भाकरी बंद,
गार आंबील प्यायची,
बर्फ टॉवेलात गुंडाळून गालाला लावायचा.
टॉवेल आमच्याच मागावरचा,
किनारीला एक धागा चुकलेला.
तो माझाच असणार.

आठव्या दिवशी टाके निघाले.
ओठ परत आला नाही.
कारखान्यात इरप्पाला म्हणालो, बीम संपलाय.
त्यानं तेलाचा डबा आणला.
म्हणालो, बीम.
त्यानं पाणी आणलं.
तिसऱ्यांदा मी ओरडलो
आणि माझा आवाज
माझा मलाच ऐकू आला नाही.

रोज रात्री नागमणी विडीचा दोरा
बोटाला गुंडाळते, टोक मोकळं ठेवते,
हनुवटीपासून सुरू करते.
तिच्या बोटांना तंबाखूचा वास.
दिवसभर तापलेला पत्रा
अजून वरून ऊन सांडत असतो.
इक्कडा?
नाही.
इक्कडा?
नाही.

विसाव्या रात्री
ओठाच्या कोपऱ्यात मुंगी चालल्यासारखं झालं.
डोळे मिटूनच म्हणालो, हां, इथं.
ती हसली.
दोरा अजून लावलाच नव्हता तिनं.

मुंगी मात्र चालत होती.