यांत्रिक होडी : होय / नाही

तळाशीलहून पहिल्या तरीने सर्जेकोटला उतरले.
पिशवीत केशरी कार्ड, आधार, दोन फोटो,
आणि नाझनीनसाठी चार सुके बांगडे.
लाच नव्हे हो. कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं कसं?

होडेकरांची नाझनीन. हिच्या आजाने
आमच्या होडीला तळाच्या फळ्या बसवल्या होत्या,
त्याच पडवीत ही आता संगणक मांडून बसते.
"नेट नाय गो मावशी. वायच बस."
बसले. तिच्याकडचा नेट गेला तर जाऊ दे,
धरून बसायचा नेट आपल्याकडे पुष्कळ.

डॉक्टरणीने पोटावर हात ठेवून सांगितलं,
पिशवीला गाठी आहेत, काढावी लागेल.
किती?
सुरमईच्या लिलावात ओरडतात तेवढा आकडा
ती अगदी हळू बोलली.

मागच्या खेपेला आम्ही यादीत नव्हतो.
का, तर घरी यांत्रिक होडी.
होती, नाही कोण म्हणतो?
एका सिलिंडरचं मशीन, ह्यांच्या नावावर.
तौक्तेच्या रात्री ती सुरूच्या झाडावर आपटली,
मशीन विकलं त्यात ह्यांचं तेरावं झालं,
फळ्या चुलीत गेल्या एक एक करून,
उरल्या सांगाड्यात कोंबड्या खुडूक बसतात.
कागदावर मात्र ती अजून तरंगते.
लहानपणी आम्ही केलेल्या कागदाच्या होड्या
ओहोळात दहा हात जाईपर्यंत भिजून बसायच्या.
ही सरकारी कागदाची.
बुडतच नाही.

मी जाळी तुणते. आस मोजायला मला पट्टी लागत नाही,
बोट घातलं की कळतं
कोण अडकणार, कोण निसटणार.
आम्ही त्यांच्या जाळ्यातून निसटलेले.
निसटला तो वाचला, हे माशाचं.
आमचं उलटं.

आता म्हणे आस बारीक केली.
ग्रामसभेत वाचून दाखवलं, पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्यांना लागू.
टाळी कोणी वाजवली नाही.
जो तो मनात आपापलं दुखणं चाचपत होता,
बाबी कुबलने तर गुडघा धरलाच.

अकराला नेट आलं.
नाव. वय. नवरा: मयत.
कार्डावर रतन, आधारावर रत्नप्रभा,
कोणती खरी, तिने विचारलं.
म्हटलं, दुखतं ती.

मग मोबाईल तोंडासमोर धरला,
"डोळे मिट मावशी. आता उघड."
मिटले.
तेवढ्यात ते दिसले, गुडघाभर पाण्यात, होडी ढकलताना,
ओरडत होते, वल्हं दे, वल्हं.
उघडले.
"झाला," ती म्हणाली.

नियम बदलला, पण तो जुना प्रश्न
फॉर्मातून पुसायला कोणी विसरलं होतं.
कुटुंबाकडे यांत्रिक होडी आहे काय?
बाण तिथेच लुकलुकत राहिला.
एवढंसं तर उत्तर.
माझ्या तोंडून निघेना.
ती माझ्याकडे बघेना, आढ्याकडे बघत राहिली,
तिथे तिच्या आजाचा रंधा अजून खोचलेला आहे.

"नाय म्हणान लिवतंय," शेवटी तीच बोलली.
मी मान हलवली.
एक टिचकी. बास.
तौक्तेला अख्खी रात्र लागली होती.

पावती आली: पडताळणी सुरू आहे.
बांगडे ती घेईना, मग घेतले.

परतीच्या तरीत धाकू मोंडकर वल्हं थांबवून म्हणाला,
"काय गो, काम झाला?"
"अडाकलंय," मी म्हटलं.
त्याला वाईट वाटलं. पैसे घेईना.
मी काही सांगत बसले नाही,
खाडीत हात सोडून बोटं पसरली,
पाणी मधून जात राहिलं.