पुस्तकं परत करताना

म्हेत्रेबाई, ही चार. शिक्का मारा, मग सांगते.

खुनाची जी आहे, तिच्यात खुनी
बाविसाव्या पानावरच कळला मला.
तरी वाचली. फौजदार एकटा जेवतो
ते फार चांगलं लिहिलंय.

प्रेमाची जाडजूड : पावणेतीनशे पानं
दोघं एकमेकांना काही विचारतच नाहीत.
आमच्या टॉवेलच्या कारखान्यात
असा माल आला की मी खडूनं फुली मारते.

ऐतिहासिकमध्ये घोडेच घोडे.
लीद कोण काढतं,
एका ओळीत तरी?

चौथी मंगळावरची. हसू नका.
तिथंही पाणी पाच दिवसांआड येतं.
लेखक आपल्या सोलापूरचा आहे का हो?
बादल्या मोजणारी ती पोरगी
शेवटी यानात बसते, मागं बघत नाही.
मला नाही पटलं.

रोज रात्री आईला तेलुगूत सांगायची,
ती विड्या वळत ऐकायची.
शेवटाला तिचा हात थांबला, सुपात तंबाखू तशीच.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
जाताना बादली तरी भरून ठेवली का गं तिनं?

पुन्हा सगळी चाळली. नाही लिहिलेलं.

तिचाच उशीर झाला. दंड किती?