साडेतेरा किलो

जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी चौतीस किलोंची.
चाळीस वर्षं तिचं पुढचं टोक ओर्वोक्कीच्या खांद्यावर,
मागचं माझ्या.
एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात,
पाइनच्या मुळांना ठेचकाळत,
डास हाकलायला एकही हात मोकळा नाही;
शिव्या मात्र दोघींच्या, आळीपाळीनं.

आता थोरलीचे गुडघे धातूचे आहेत
आणि ती राहते कायानीत, लिफ्टच्या इमारतीत.
फोनवर म्हणाली, पुरे, वीक ती.
मी म्हटलं, विकली.
हे नाही सांगितलं
की त्याच पैशांचं पिवळं कापड आणलंय,
केव्हलार.
आईच्या ज्या कात्रीनं रेनडियरचं कातडं कापलं
तिनं या कापडापुढं हात टेकले.

फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.
गॅरेजात रजयांचा तंबू, आत दोन हीटर;
राळेला थंडी सोसत नाही.
साच्यावर मेण, मेणावर कापड,
मग बिस्किटाएवढा जाड फोम, परत कापड.
राळ मोजली ती वेलदोड्याच्या पावाचं पीठ
मोजते त्याच काट्यावर.
शंभराला तीस. इकडचं तिकडे नाही.
पहिला डबा मी रेडिओ ऐकत बसले म्हणून
हातातच तापला, धुरावला, दगड झाला.
अजून खिडकीत आहे तो,
आत ब्रश ताठ उभा.

जास्त झाली तर ओझं, कमी पडली तर भेग.
रबरी पट्टीनं निपटत राहिले
रात्री दोनपर्यंत.

मग सगळ्यावरून प्लास्टिकची पिशवी
आणि शेजारच्या वेइयोचा पंप,
त्याच्या मेलेल्या फ्रिजच्या पोटातून काढलेला.
पिशवी आवळली, सुरकुतली,
आणि काटा अर्ध्यावरच अडला.
कुठंतरी गळती.
माझा डावा कान लाकडाच्या गिरणीत गेला,
उजवा त्याच्या मागोमाग निघालाय.
झोपेतून उठवून वेइयोची नात आणली, पिहला, नऊ वर्षांची.
श्वास धरून, रांगत,
जिवाचा कान करून ती होडीभोवती फिरली.
'इथं साप आहे,' म्हणाली,
आणि बोट ठेवलं.
मला चिकटपट्टी सापडेस्तोवर
ते बोट तिथंच होतं.

मेमध्ये बर्फ फुटलं.
न्हाणीघरातल्या काट्यावर मी होडीसकट,
वजा मी.
साडेतेरा. ठरवले होते बारा.
दीड किलो माझ्या घाईचे.
उन्हाकडे धरली की मधासारखी उजळते,
आणि पाण्याच्या रेषेखाली दिसतो
एक पांढरा केस, टोपीतून निसटलेला माझा.
पिहला म्हणते, असू दे, तोही धागाच.

जूनमध्ये एकटीनं उचलली. खांद्यावर घेतली.
तीन डास मारले,
आणि मग त्या मोकळ्या हाताचं काय करावं कळेना.

शेवटी ओर्वोक्कीला बसनं बोलावलं.
गुडघे न वाकवता तिला आत बसवायला
मी, वेइयो आणि एक फळी.
'किती भरली ही?'
'साडेतेरा.'
'अख्खा हिवाळा घालवलास वीस किलो वाचवायला,
आणि मी ब्याऐंशीची आहे, माहितेय?'
पाणी बोटभर वर चढलं.

पलीकडं ती काठी टेकत उतरली,
माझ्यामागून पाइनमधून चालत आली,
हातात फक्त वल्हं.
शिव्या मात्र वाटभर दिल्या,
माझ्या वाट्याच्यासुद्धा.