चावी तांदळाच्या डब्यात

सकाळी स्कूटरची चावी खुंटीला नव्हती.
साडेसहाला बर्फाच्या कारखान्यात पोचायचं,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर तोवर बांगडा उतरलेला असतो
आणि लाद्यांचा हिशेब माझ्याकडे.
मी वही उघडली.
पुठ्ठ्यावर लिहिलंय: सगळ्यांसाठी. पानं फाडू नयेत.

डावीकडे झुकलेलं अक्षर, म्हणजे जगन.
"चावी तांदळाच्या डब्यात.
काल रात्री हिला जेटीवर जायचं होतं. एकटीला.
मी नेलं नाही. माफी मागणार नाही."

हिला म्हणजे कुणाला, ते मी विचारत नाही.
आमच्यात एक जण आहे
जिला होडीच्या खोपीतलं सगळं ठाऊक आहे.
झावळांच्या फटीतलं ऊन. कुणाचे पाय.
मला एवढंच कळतं, की कुठे डांबर तापत असलं
तर दुपारचे दोन वाजलेले असतात
आणि मग एकदम सात,
हातात कोथिंबिरीची जुडी, सुटे पैसे बरोबर.

पूर्वी म्हणायचे, चेडवाच्या अंगात येतं.
आईने नारळ ठेवला, कोंबा सोडला.
गावकर हात जोडून उभा: बा म्हाराजा,
हिच्या आंगात जा काय आसात
ता येशीभायर घाल रे म्हाराजा.
व्हय म्हाराजा, म्हणाले मांडावरचे सगळे.
आणि आतून बायो ओरडली,
माका नुको घालू भायर.
ती तेव्हा सहा वर्षांची होती. अजून सहाचीच आहे.

कुडाळच्या तिरोडकर डॉक्टरीणबाईंनी
आजाराचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं.
म्हणाल्या, कुणालाच घालवायचं नाही,
ओळख करून घ्या.
मी चिडले होते. एवढी एसटी करून यायचं ते यासाठी?

आता जगन लिलावात भांडतो,
फिलीप विचारतो, ताई, आज आवाज बसलाय?
बायोला बर्फाचे उडालेले तुकडे लागतात, गालाला लावायला.
आक्का सोलकढी करते, दोन वाट्या पिते,
पित्त मात्र माझं.
दिवेलागणीला कुणी पुढे यायचं
यावर अजून एकमत नाही.

डब्यात हात घातला. चावी गार,
तांदळाची पांढरी पूड बोटांना.
कामाला उशीर झालाच होता, म्हणून बसले आणि लिहिलं,
जिला उद्देशून कधीच काही लिहिलं नव्हतं तिला:
जेटीवर जायचं तर दिवसा जाऊ.
सगळेच. बायोला मधे धरू.
तू सांगितलंस तर ऐकू. नाही सांगितलंस तरी बसू.

तीन दिवस पान कोरं.
चौथ्या दिवशी पेन्सिलीने, फार बारीक,
मला अनोळखी अक्षर:
भरती किती वाजता?

मी भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं.
तिथी मोजली.
आणि ओहोटीची वेळ लिहिली.