टाकी ते टाकी

द्वारकेच्या पुलापलीकडे, टायरवाल्यांच्या रांगेमागे
इम्तियाज कोकणींच्या आवारात दोघी उभ्या.
एक पेट्रोल, पांढरी, धुऊनपुसून.
एक डिझेल, शेवाळी, तिच्याहून वर्षाने मोठी
आणि एक लाख चाळीस हजारांनी महाग.
"मॅडम, ही बारा देते, ती सोळा."
विकणाऱ्याच्या तोंडचं एव्हरेज
स्थळाच्या उंचीसारखं,
दोन बोटं कमी धरूनच चालायचं.
मी मान डोलावली. वहीत काही लिहिलं नाही.

तीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते मी.
"दिसतंय की" म्हणणाऱ्याला म्हणते,
खालची ओळ वाच.

तर खालची ओळ:
गंगापूर नाक्याच्या पंपावर गळ्यापर्यंत टाकी,
त्र्यंबकवरून हरसूलकडचा पाडा,
आणि परत त्याच पंपावर, त्याच नळीला.
एकशे वीस किलोमीटर.
मंगळवारी पेट्रोल, गुरुवारी डिझेल,
दोन्ही दिवशी एसी बंद,
दोन्ही दिवशी मागे हिरामण भोये, मांडीवर काचांची पेटी
झोपलेलं मूल धरावं तशी.
पंपावरचा पोरगा म्हणाला, मावशी, थेंबाथेंबाचं काय करता?
पांढरी प्यायली तेरा पूर्णांक तीन,
शेवाळी नऊ पूर्णांक दोन.
म्हणजे नऊ आणि तेरा.
बारा आणि सोळा तिकडे द्वारकेलाच राहिले.

रात्री जेवणाच्या ताटाशेजारी वही.
पेट्रोल किलोमीटरला साडेअकरा रुपये, डिझेल सात.
महिन्याचं माझं फिरणं पाचशे,
फार तर पावसाळ्यानंतर सहाशे.
जास्तीचे एक लाख चाळीस फिटायला
पाच वर्षं आणि दीड महिना.
तेव्हा मी चौसष्ट.
वर पुढच्या साली पासिंग, त्यावर हिरवा कर,
आणि अंबडचे रौंदळ फिटर बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणालेले,
"इंजेक्टर आज बरे आहेत. उद्याचं मी बोलत नाही."
आकडे पेट्रोलच्या बाजूने निघाले.
दोनदा केले. ताट वाळलं.

पण मंगळवारी पांढरी पाड्यावर पोचली
तेव्हा शाळेच्या ओट्यावर एक कुत्रं होतं.
हॉर्न दिला. हिरामण घराघराला जाऊन आला.
माणसं जमेपर्यंत दीड तास,
आणि तिघींचे नंबर काढायचे राहिलेच.

गुरुवारी शेवटच्या चढावर लाल चिखल.
फोर-व्हीलचा दांडा आधी हलेना,
मग हलला तो खांद्यातून कळ काढत.
पहिल्या गिअरात शेवाळी जी कुरकुरली,
डोंगराने ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.
आम्ही वर आलो तर ओट्यावर अकरा जण बसलेले.
रांगेच्या टोकाला सोनीबाई,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक हात भिंतीला.
"जुन्या जीपसारखीच बोलते गं ही.
नदीपाशी होतात ना, तेव्हाच निघाले मी."

ह्याचा रकाना वहीत नव्हता.
मी आखायला घेतला, "आवाज" असं लिहिलं,
पुढे काय भरायचं ते सुचेना.
लिटरमागे किती माणसं?
मंगळवारी चौदा तपासले, गुरुवारी एकोणतीस.
भागाकार केला नाही. झोप आली होती.

शनिवारी परत द्वारकेला.
पासिंग काढलं, हिरवा कर काढला,
इंजेक्टर तर रौंदळांच्याच आवाजात काढले.
इम्तियाजभाई पंधरा हजारांनी खाली आले.
अजून दहा सुटतील असं दिसत होतं,
म्हणून मी तोंड वाकडं करून म्हणाले,
"आणि आवाज किती करते हो."
"एवढंच ना मॅडम? सायलेन्सर नवा टाकतो,
माउंटिंग बदलतो. मांजरीसारखी चालेल."
"नको," मी म्हणाले.
जरा घाईनेच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे,
चहा मागवला,
आणि त्यानंतर पाचशेसुद्धा सोडले नाहीत.