पाटी

शुक्रवारी दुकानात प्रश्नमंजूषा आहे.
पहिलं बक्षीस लाल टोपी
आणि दोन दिवस तळणीवरून सुटका.
म्हणून रात्री अकराला, देवपूरच्या घरी,
केसांत तेलाचा वास तसाच ठेवून
मी आबांच्या हाती कागद देते : विचारा.

आबा म्हणजे झुलाल पेंटर.
धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या,
फ्लेक्स येईपर्यंत.
कागद लांब धरून वाचतात :
पिझ्झा हटला हट का म्हणतात?

सांगते. विचिटा गाव, साल अठ्ठावन्न, दोन भाऊ,
आईकडून सहाशे डॉलर उसने.
पाटी एवढीशी, की पिझ्झा लिहिल्यावर
इंग्रजी तीनच अक्षरांची जागा उरली.

आबा हसतात. या आठवड्यात पहिल्यांदा.
'नाव ते पत्राच ठरावस, माय.'
उखा आप्पाच्या धाब्याचा पत्राही
'अस्सल खान्देशी भरी'पाशी संपला होता.
लोक उतरून विचारायचे, भरी म्हणजे काय हो?
'त' पुढल्या पोळ्याला आला,
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, जरा तिरका.

पुढचा प्रश्न टेनिसच्या मैदानाचा.
मॅकडोनाल्ड भाऊ. हेही दोघंच.
चालतं दुकान तीन महिने बंद ठेवून
ज्यांनी यादीत नऊच जिनसा ठेवल्या, ते.
पुढं नव्या दुकानासाठी मैदानावर खडूनं भटारखाना आखला, खऱ्या मापाचा,
आणि नोकरांना त्यात नुसतं फिरायला लावलं :
हातात काही नाही, तरी वळ, थाप, गुंडाळ, दे.
कोण कोणाला धडकतं ते बघत पुसायचं, पुन्हा आखायचं.
रात्री पाऊस आला नि सगळं धुऊन गेलं, असं सांगतात.

आबा उठतात.
खिळ्यावरची निळीची दोरी काढत नाहीत, खडूच घेतात,
आणि फरशीवर उखा आप्पाचा धाबा.
ही चूल. हा पऱ्हाट्यांचा ढीग,
वांगी त्याच्याच जाळावर, दुसरं जळण चालायचं नाही.
ही बडगी. इथं मिरची-लसूण ठेचणारी सुपडाबाई.
इथं कळण्याच्या भाकरी. इथं मी, शिडीवर.
मी मधून पाणी प्यायला जाते
तर म्हणतात, चुलीत पाय घातला.

मग केंटकीचा म्हातारा.
पेट्रोलपंपावर घरचंच टेबल टाकून जेवू घालणारा.
अकरा मसाले मला पाठ नाहीत, कुणालाच नसतात,
प्रश्न वेगळाच आहे : हॉटेल का विकलं?
नवा हायवे गावाबाहेरून गेला म्हणून.
पासष्टीत कुकर गाडीत टाकून तो गावोगाव निघाला.

'रस्ता सरकना,' एवढंच म्हणतात आबा.
फागण्याजवळ तो सरकला तेव्हा उखा आप्पा अडुसष्टचे होते.
त्यांच्याकडे गाडी नव्हती.
माझं दुकान त्या सरकलेल्या रस्त्यावर आहे,
हे आम्ही दोघंही बोलत नाही.

शेवटचा प्रश्न मीच वाचते.
भावांनी नाव विकलं, पहिलं दुकान स्वतःकडं ठेवलं;
पण आता त्याच्यावर स्वतःचंच नाव चालेना.
उतरवलं. 'बिग एम' लावलं.
मग त्यांच्याच नावाचं दुकान जवळच उघडलं,
आणि हे बंद पडलं.

आबा बराच वेळ कागद उलटसुलट करतात.
'उतारनारा कोन व्हता?'
कोण?
'पेंटर. नाव पुसायला कोनी तरी शिडी लावली असंल.'
ते कागदावर नाही, आबा. ते विचारणार नाहीत.

आप्पाच्या पोरांनी धाबा विकला तेव्हा
पाटी पांढरी करायला ह्यांनाच बोलावलं होतं.
चाळीस रुपये ठरले. दोन हात दिले, मग स्वतःहून तिसरा.
'तरी उन्हात दिसायचं,' म्हणतात,
'भरी. आणि तो तिरका त.'

टोपी मिळाली तर
आबा म्हणाले, मापाची बघून आण.
फरशी मी सकाळी पुसेन.